कॅमेरा बंद करण्याआधी

आमच्या डोणगावात मला नावानं ओळखणारी माणसं आता थोडीच उरली आहेत. बाकीच्यांसाठी मी शूटिंगवाली. ‘शूटिंगवाली आली, पदर नीट करा व पोरीहो’ हे वाक्य मेहकर तालुक्यातल्या इतक्या अंगणांत ऐकलं आहे, की एखाद्या लग्नात ते कानावर पडलं नाही तर आपण चुकीच्या मांडवात तर शिरलो नाही ना, अशी शंका येते.

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. माझं म्हणणं, लग्न पाहावं कॅमेऱ्यातून. करणाऱ्याला त्या दिवशी काहीच दिसत नाही. तो नुसता धावत असतो. मला मात्र दिसतं. मांडवात कोण कोणाशी बोलत नाही, कोणाची साडी उसनी आहे, कोण पंगतीत बसलं आहे पण घास गिळत नाही, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोरून जातं. त्यातलं पुष्कळसं मी शूट करते आणि नंतर माझ्याच हातानं कापून टाकते. आमचा धंदाच तसा आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. लग्नाला आम्ही दोन कॅमेरे नेतो. एक स्टँडवर उभा असतो आणि सगळा स्टेज एका चौकटीत पकडून ठेवतो. दुसरा हातात असतो, तो वऱ्हाडी मंडळींत फिरतो. दिवसभर जे काही टिपलं जातं, त्या कच्च्या मालाला आम्ही रश म्हणतो. त्यातून निवडून, कापून, गाणी चढवून जी फिल्म तयार होते, ती घरच्यांच्या हातात पडते. लोकांना वाटतं, हेच शूटिंग. खरं तर ते शूटिंगातलं मूठभर असतं. बाकीचं सुपातून पाखडून बाहेर टाकलेलं असतं.

या धंद्यात मला मामानं आणलं. बसस्टँडजवळ त्याचा फोटो स्टुडिओ होता. हळदीला, बांगड्या भरायला बायकांच्या घोळक्यात परका बाप्या कॅमेरा घेऊन शिरलेला लोकांना आवडायचा नाही. म्हणून मामानं एक दिवस कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला आणि म्हणाला, “तू जाय आत. हालवू नोको फक्त.” एवढंच माझं पहिलं शिक्षण. पुढे मला वाटायला लागलं की हे काम नीट शिकावं. पुण्यात चित्रपट आणि व्हिडिओ शिकवणारा वर्षभराचा कोर्स आहे, असं कळलं. मामा आधी हसला. “लग्नाच्या शूटिंगले कायचं शिक्षण लागते व?” पण मला एसटीत बसवून द्यायला तोच आला आणि गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला.

पुण्यात पहिल्याच आठवड्यात मी वर्गात म्हणाले, “सर, मले बॅटरी नाही देल्ली कोणी.” सगळा वर्ग हसला. त्यात वाईट बुद्धी नव्हती, पण हसला. त्यानंतर बरेच दिवस मी हो-नाही एवढंच बोलायचे, तेही मानेनं. गप्प बसल्याचा एक फायदा झाला. बघायची सवय लागली.

आमचे सर बोलायला कडक आणि वागायला मऊ होते. त्यांनी पहिला अभ्यास दिला की एखादा माणूस काम करताना शूट करून आणा. मी कोपऱ्यावरच्या हातगाडीवाल्याचा चहा शूट केला. आधण, पत्ती, आलं, गाळणी आणि वरून ग्लासात पडणारी धार. धार संपली की कॅमेरा बंद. मामाची शिस्तच तशी होती, विधी झाला की बंद, बॅटरी वाचव. मला वाटलं, सर पाठ थोपटणार.

सरांनी विचारलं, “चहा ओतून झाल्यावर त्यानं काय केलं?”

“काही नाही केलं, सर.”

“काही नाही असं नसतं. जा, परत बघ.”

मी फणफणत गेले. दुपारभर उभी राहिले. तेव्हा दिसलं की प्रत्येक ग्लास भरून झाला की तो माणूस मान वळवून रस्त्याच्या टोकाकडे बघतो. दर वेळी. विचारलं तर म्हणाला, अतिक्रमणवाल्यांची गाडी तिकडून येते. ती दिसली की हातगाडी ओढून गल्लीत पळायचं. दिवसभर चहा विकणाऱ्या माणसाचा जीव दिवसभर टांगणीला होता, आणि तो माझ्या शूटिंगात कुठेच नव्हता. तो होता धार संपल्यानंतरच्या क्षणात.

“काम चालू असताना माणूस कामासारखा दिसतो,” सर म्हणाले. “काम संपलं की स्वतःसारखा दिसतो. कॅमेरा बंद करण्याआधी थोडं थांबत जा. दोन श्वास तरी.”

आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली. कॅमेरा चालू असला की त्याच्या पुढच्या बाजूला लाल दिवा लागतो. तो दिसला की माणसं ताठ होतात, तोंड मिटतात, देवळातल्या मूर्तीसारखी बसतात. म्हणून त्या दिव्यावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवायचा. शिकलेलं बाकी पुष्कळ विसरले असेन, पण या दोन गोष्टी घेऊन मी डोणगावला परत आले.

मामाला दोन्ही पटल्या नाहीत. “सिनेमा काढून राह्यली का तू? लोकाइले वरमाला पाह्यजे, पोरी. वरमाला झाल्यावरच्या खाली खुर्च्या कोण पाह्यते?” त्याचं चूक नव्हतं. लोकांना वरमालाच हवी असते. त्याहून जास्त, आपण स्वतः हवे असतो. धामणगाव बढ्याच्या एका लग्नात थोरल्या जावयांचा आहेर घेतानाचा शॉट माझ्याकडून निसटला. ते असे रुसले की दिवाळसणालाही सासरी आले नाहीत. शेवटी मी पुन्हा गेले, त्यांनी पुन्हा फेटा बांधला, सासूबाईंनी तोच टॉवेल-टोपीचा आहेर पुन्हा हातात दिला, आणि मी तो शूट करून फिल्ममध्ये बेमालूम बसवला. जावयांच्या गालावर तेव्हा दाढीचे खुंट होते, ते अजून कोणाच्या लक्षात आलेले नाहीत.

हा झाला घालायचा प्रकार. काढायचा प्रकार वेगळा असतो आणि तो हसण्यासारखा नाही. फिल्म बघून झाली की घरातली एखादी म्हातारी हळूच मला बाजूला घेते. “बाई, हळदीत ते पांढऱ्या कपायाची दिसून राह्यली. तेवढी काढून टाक.” पांढऱ्या कपाळाची म्हणजे विधवा. मंगल कार्यात तिची सावली नको, आणि आता व्हिडिओतही नको. मी वाद घालून पाहिला आहे. कधी ऐकलं जातं, बहुतेक वेळा नाही. पण काळजाला जास्त लागतं ते वेगळंच. बहुतेक जणींना काढावंच लागत नाही. त्या आधीच चौकटीबाहेर उभ्या असतात.

साखरखेर्ड्याच्या कमलमावशी अशाच. मुलीच्या लग्नाचं शूटिंग ठरवायला त्या स्वतः स्टुडिओत आल्या होत्या. दीड एकरात वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायच्या आणि डोक्यावर टोपलं घेऊन बाजारात बसायच्या. नवरा गेला तेव्हा मुलगी रांगत होती. दिराच्या ओट्याशेजारी एका खोलीत राहून त्यांनी तिला वाढवलं, बारावीपर्यंत शिकवलं. माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी सगळं सविस्तर सांगितलं. मांडव दारातच आहे, कन्यादान दीर-जाऊ करतील, नवरीच्या मैत्रिणी येतील त्यांना नीट घ्यायचं. उठताना म्हणाल्या,

“सगळ्याइले घे. मले नोको घेऊ.”

“काऊन मावशी?”

“काऊन म्हंजे? तुले माहीत नाही का?” त्या हसल्या, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “उद्या तिच्या संसारात काही उणंदुणं झालं तं मनाले लागन. आईचं तोंड होतं मधात म्हणून झालं, असं वाटन. त्याच्यापेक्षा नोकोच ना. मी आहे, ते तिले माहीत आहे.”

मी शब्द दिला. द्यायला नको होता असं आज वाटतं, पण त्या माउलीच्या चेहऱ्याकडे बघून दुसरं काही सुचलं नाही.

लग्नाच्या दिवशी मी दिलेला शब्द पाळायची गरजच पडली नाही. हातातला कॅमेरा जिकडे वळे तिकडून मावशी आधीच निघून गेलेल्या असत. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. आमच्याकडे अक्षता ज्वारीच्या, कुंकवात रंगवलेल्या. वरमाला झाली, बँड वाजला. नवरा-नवरीला देवाच्या पाया पडायला घरात नेलं, मंडळी पंगतीकडे वळली, आणि मी हातातला कॅमेरा घेऊन नवरीमागे आत पळाले. स्टँडवरचा कॅमेरा मागे तसाच चालू राहिला. पुण्याहून आल्यापासून तो मी विधी संपला म्हणून लगेच बंद करत नसे. फिल्म तयार करताना मी वरमालेपाशी कात्री लावली. कोणीही तिथंच लावली असती.

फिल्म सुंदर झाली. कमलमावशींनी ती शेजारणींसोबत भिंतीला टेकून पाहिली, असं मुलीनंच नंतर कळवलं.

मुलीचं नाव संगीता. तिला धामणगाव बढ्याला दिलं. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी ती अचानक स्टुडिओत आली, सोबत चार-पाच वर्षांची तिची लेक. इतक्या लांबून दोन गाड्या बदलून आली होती. मी पाणी दिलं. ते हातातच ठेवून ती म्हणाली, “ताई, आई गेली.”

मी तिच्याजवळ जाऊन बसले. शेतात चक्कर आली आणि दवाखान्यात न्यायच्या आधीच सगळं संपलं, असं तिनं सांगितलं. तेरवीला लावायला घरात फोटो नव्हता. आधार कार्डावरचा मोठा करून लावला.

“त्यात ते आईसारखी दिसतच नाही. कोणाले तरी भ्यायल्यासारखी दिसते.” तिनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला. “माही पोरगी इचारते, आजी कशी होती? मी म्हणतो, अशी होती, तशी होती. पण आई चालायची कशी, ते मले सांगता येत नाही, ताई. मले स्वतःलेच ते इसरल्यासारखं होऊन राह्यलं. लग्नाची फिल्म तीनदा पाह्यली. काका आहे, काकू आहे, बँडवाले आहेत. आई कुठंच नाही. पण होती तं ते! दिवसभर होती. तुमच्यापाशी कुठं तरी असन ना? फोटो नाही पाह्यजे मले. चालताना पाह्यजे.”

रश जपून ठेवायचा आमच्या धंद्यात रिवाज नाही. फिल्म दिली की मामा सगळं पुसून टाकायचा, पुढच्या लग्नाला जागा हवी म्हणून. मी पुसत नसे. जुन्या हार्ड डिस्क सुती लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळून कपाटात रचून ठेवायचे, आणि मामा म्हणायचा, “हे भंगार कायले जपून राह्यली?” जपायचं कारण मला कधी नीट सांगता आलं नव्हतं. टाकवत नव्हतं, एवढंच. पण जुन्या डिस्कचा भरवसा नसतो. काही सुरूच होत नाहीत, काही नुसत्या टकटक करून गप्प होतात. मी ती डिस्क जोडली तेव्हा संगीताकडे बघायची माझी हिंमत नव्हती. पडद्यावर फाइली उमटल्या आणि मी पदरानं कपाळ पुसलं.

आधी हातातल्या कॅमेऱ्याचं शूटिंग लावलं. आम्ही तिघी बघत बसलो. चुलीमागे एक हात दिसला, पातेलं सरकवणारा. “हा आईचा हात आहे,” संगीता म्हणाली. कॅमेरा तिकडे वळला तर तिथं पातेलंच उरलं. हळदीच्या वेळी दाराआड लुगड्याचा काठ दिसला आणि सरकला. बांगड्या भरताना खिडकीत एक सावली आली आणि गेली. मावशींनी दिवसभर माझ्या कॅमेऱ्याशी लपाछपी खेळली होती, आणि एकदाही राज्य घेतलं नव्हतं. संगीताची लेक कंटाळून खाली बसली. दुपार कलली तरी आम्हाला ती बाई अख्खी अशी कुठंच सापडली नाही.

“राहू द्या, ताई,” संगीता म्हणाली. तिनं पिशवी उचलली.

स्टँडवरच्या कॅमेऱ्याची फाइल राहिली होती. त्यात काय असणार, समोर स्टेज आणि माणसांच्या पाठी. तरी मी लावली, आणि वरमालेपर्यंत पळवत नेली. माझी कात्री जिथं लागली होती ती जागा आली. नवरा-नवरी स्टेजवरून उतरून चौकटीबाहेर गेली. बँड लांब गेला. मांडवात विस्कटलेल्या खुर्च्या, स्टेजवर दोन रिकामे पाट आणि सांडलेली लाल ज्वारी. मामा म्हणायचा तसंच, खाली खुर्च्या. मी बंद करणार होते. सरांची आठवण झाली म्हणून थांबले, असं लिहिलं तर छान वाटेल, पण खरं सांगायचं तर सवयीनं थांबले.

चौकटीच्या उजव्या कडेनं एक बाई आत आली. अर्धी पाठमोरी.

“आई,” संगीता म्हणाली.

मान ताठ होती, डोक्यावर टोपलं नसतानाही ते असल्यासारखी. डावा पाय जरा जपून टाकत, घाई न करता, खुर्च्यांच्या मधून ती चालत गेली. उजवी मूठ छातीशी घट्ट मिटलेली होती. वाटेत एक उलटलेली खुर्ची तिनं डाव्या हातानं सरळ केली. स्टेजची पायरी चढली, इकडे तिकडे कोणी नाही ना ते पाहिलं आणि नवरीच्या पाटासमोर, कॅमेऱ्याकडे तिरकी, उभी राहिली.

मग तिनं मूठ उघडली.

त्यात अक्षता होत्या. सगळ्यांना वाटल्या तेव्हा तिनंही घेतल्या असणार. मंगलाष्टकं चालू असताना कुठल्या तरी दाराआड उभी राहून ती मूठ तिनं मिटूनच ठेवली होती. आपल्या हातच्या अक्षता पोरीच्या डोक्यावर पडू नयेत म्हणून. आणि पोरगी तिथून गेल्यावर ती आता आली होती. तिनं थोड्या थोड्या करून त्या अक्षता रिकाम्या पाटावर टाकल्या. एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा. ओठ हलत होते. बँडचा आवाज लांबून येत होता, त्यामुळे शब्द ऐकू आले नाहीत. मग तिनं दोन्ही हात पाटावरून फिरवले आणि आपल्याच कानशिलांवर बोटं मोडली.

मी शब्द दिला होता, मावशींना घेणार नाही म्हणून. तो मोडल्याचं त्या क्षणी मला कळत होतं, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नव्हतं. हे मी इथं उघड लिहून ठेवते.

संगीतानं उचललेली पिशवी खाली ठेवली. ती म्हणाली, “मले वाटे, आईनं अक्षता टाकल्याच नाही. काकूनं टाकल्या, मामीनं टाकल्या. मी पाट उतरताना मागं पाह्यलं होतं, ताई. मले वाटलं, आई रांधण्यातच गुंतली.” तिनं डोळे पुसले. “परत लावा.”

मी फाइल मागे नेली. आई पुन्हा कडेनं आत आली, खुर्ची सरळ केली, पायरी चढली. संगीतानं खुर्ची पुढे ओढली. लेकीला उचलून मांडीवर घेतलं. डोक्यावर पदर घेतला, आणि पडद्यावर मूठ उघडायच्या आत तिनं मान खाली घातली, थेट टेबलापर्यंत. मांडीवरच्या पोरीचं डोकंही तिनं हातानं अलगद वाकवलं.

“काऊन व आई?” पोरगी म्हणाली.

“आजी अक्षता टाकून राह्यली,” संगीता म्हणाली. “हालू नोको.”

दोघी तशाच वाकून राहिल्या. पडद्यावर अक्षता पडून झाल्या, कमलमावशी पायरी उतरल्या, जशा आल्या तशा ताठ मानेनं, डावा पाय जपत, खुर्च्यांमधून चालत कडेनं निघून गेल्या. मागे पाट उरले आणि मोकळा मांडव. त्यात काहीच घडत नव्हतं. मी बंद केलं नाही.